ट्योर्बेल: आल्प्समधल्या एका शेतकरी गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झरमॅटला निघालेली गाडी स्टाल्डन स्टेशन सोडते तेव्हा डब्यातले बहुतेक जण मॅटरहॉर्न हा प्रसिद्ध डोंगर दिसतोय का म्हणून खिडकीला नाक लावून असतात. तो एवढ्यात दिसत नाही. उजव्या हाताच्या डोंगरावर, रुळांपासून सुमारे सातशे मीटर उंच, ट्योर्बेल नावाचं गाव आहे आणि त्याची आठवण कोणाला होत नाही. पर्यटकाने मुद्दाम वाट वाकडी करावी असं तिथे फार काही नाहीच: काळपट पडलेली लाकडी घरं, उभ्या चढाची कुरणं, एक चर्च. पण आपलं गवत, लाकूड आणि पाणी या गावाने शतकानुशतकं कसं वाटून घेतलं याचे कागद शिल्लक राहिले, आणि विसाव्या शतकात त्याच कागदांनी अर्थशास्त्रातल्या एका मोठ्या वादात साक्ष दिली. खालचे प्रश्न त्या कागदांबद्दल आहेत, आणि गावच्या रोजच्या जगण्याबद्दलही.

ट्योर्बेल नेमकं कुठे आहे, आणि केवढं आहे?

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला वॅले नावाचा कँटन, म्हणजे आपल्या भाषेत राज्य, आहे. त्याच्या पूर्वेकडच्या, जर्मन बोलणाऱ्या भागात फिस्प हे शहर. तिथून दक्षिणेकडे जाणाऱ्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटरवर हे गाव वसलं आहे. वस्ती साधारण पाचशे. गावाच्या वर मोसआल्प नावाची २,०४८ मीटरवरची खिंड, आणि त्याहून वर उघडे खडक. सपाट जागा जवळजवळ नाहीच. या खोऱ्यातल्या गावांबद्दल एक जुना विनोद सांगतात: इथल्या कोंबड्यांनाही पायांना खिळे बांधावे लागतात.

एवढ्याशा गावाबद्दल जगाला कुतूहल का?

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कुरण सगळ्यांचं असेल तर प्रत्येक जण आपली एक गाय वाढवत जाणार, फायदा त्याचा एकट्याचा, तोटा सगळ्यांत वाटला जाणार, आणि शेवटी कुरण उजाड होणार. उपाय दोनच: सरकारी ताबा किंवा खासगी मालकी. हा निबंध इतका गाजला की जगभरच्या धोरणकर्त्यांनी तो सिद्ध झालेला नियम असल्यासारखा वापरला.

त्याच सुमारास रॉबर्ट नेटिंग हे मानवशास्त्रज्ञ ट्योर्बेलमध्ये राहून काम करत होते. त्याआधी त्यांनी नायजेरियातल्या कोफ्यार शेतकऱ्यांचा अभ्यास केला होता. ट्योर्बेलमध्ये त्यांनी चर्चच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी चाळल्या, जुने करार वाचले, कोणाचं कुरण कुठे आहे ते टिपलं. त्यांना दिसलं ते हार्डिनच्या उलट होतं. इथलं सामाईक कुरण शतकं उलटली तरी उजाड झालं नव्हतं. पुढे अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात हे उदाहरण घेतलं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यामुळे ज्यांनी स्वित्झर्लंडचा नकाशाही नीट पाहिलेला नाही अशा विद्यार्थ्यांच्या टिपणांत हे गाव असतं.

गाव किती जुनं आहे?

जमिनीच्या हक्कांबद्दलचे लेखी कागद १२२४ पासूनचे आहेत. वस्ती अर्थातच त्याहून जुनी असणार, कारण ज्यावर कोणी राहत नाही त्या जमिनीचे करार कोण कशाला करेल.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या काळी वॅले स्वित्झर्लंडमध्ये नव्हतं. सिऑनच्या बिशपची इथे सत्ता होती, आणि डोंगरातल्या गावांची तिच्याशी सतत रस्सीखेच चाले. १७९८ मध्ये फ्रेंच फौजा आल्या, १८१० मध्ये नेपोलियनने हा प्रदेश थेट फ्रान्सला जोडून टाकला, आणि नेपोलियन पडल्यावर १८१५ मध्ये वॅले स्विस संघराज्यात कँटन म्हणून आलं. म्हणजे ट्योर्बेलचे नियम त्याच्या ‘स्विस’पणापेक्षा कितीतरी जुने आहेत. ‘स्विस शिस्त’ वगैरे म्हणून जे आपण कौतुकाने बोलतो त्याचं श्रेय इथे तरी देशाला देता येत नाही.

१४८३ मध्ये काय ठरलं?

१ फेब्रुवारी १४८३ या दिवशी गावकऱ्यांनी एका करारावर सह्या करून संघटना स्थापन केली: वरचं उन्हाळी कुरण, जंगल आणि पडीक जमीन यांचा वापर नीट नियमांत बसवण्यासाठी. उन्हाळ्यात गुरं नेतात त्या उंचावरच्या कुरणाला तिकडे ‘आल्प’ म्हणतात. पुढेही तोच शब्द वापरतो.

करारातलं सगळ्यात कडक कलम परक्यांबद्दल होतं. बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली, तरी आल्पवर गाय चारण्याचा किंवा जंगलात झाड तोडण्याचा हक्क त्याला मिळणार नाही. जमीन विकत मिळते, गावपण नाही. कोणाला आत घ्यायचं ते आधीचे हक्कदार ठरवणार. १५०७ च्या एका दस्तऐवजात सामाईक जमिनीच्या हद्दीही नोंदवलेल्या आहेत, म्हणजे आत कोण आणि आपलं कुठपर्यंत, दोन्ही प्रश्न लवकरच मिटले.

तो गायींचा प्रसिद्ध नियम काय आहे?

१५१७ चा. मजकूर एका वाक्याचा: हिवाळ्यात जेवढ्या गायी पोसता येतील त्याहून जास्त गायी कोणाही गावकऱ्याने आल्पवर पाठवू नयेत.

या वाक्याची खुबी कळायला तिथलं वर्ष डोळ्यांसमोर आणावं लागतं. गाय वर्षातले सहा-सात महिने गोठ्यात असते आणि तेवढा काळ तिला वाळलेलं गवत लागतं. ते गवत येतं गावाभोवतीच्या खासगी कुरणांतून, जी मालकाला स्वतः शिंपावी, कापावी, वाळवावी लागतात. उन्हाळ्यात मात्र आल्पवरचं गवत सगळ्यांचं. अशा ठिकाणी चलाख माणूस काय करेल? वसंतात खालच्या बाजारातून दहा गायी स्वस्तात आणेल, गावाच्या गवतावर लठ्ठ करेल आणि पहिला बर्फ पडायच्या आत विकून मोकळा होईल. १५१७ च्या नियमाने ही वाटच बंद केली.

शिवाय आल्पवर एकूण किती गायी मावतात, हा भांडणाचा प्रश्न कोणी मोजत बसायची गरज राहिली नाही. गवताची खासगी कुरणं डोंगराने ठरवून दिलेली, ती कोणाला वाढवता येत नाहीत. कुरणं वाढत नाहीत म्हणून गायी वाढत नाहीत. आणि तपासणी? शेजाऱ्याच्या कोठारात गवत किती आहे हे बघायला गावात अधिकाऱ्याची गरज नसते.

माझ्या मते या नियमाचं कौतुक करताना एक गोष्ट दडपली जाते. हा समतेचा नियम नाही. ज्याची खासगी कुरणं जास्त, त्याला सामाईक गवतही जास्त. बिनजमिनीच्या माणसाला आल्पचा उपयोग शून्य. नियम कुरण वाचवायला केला होता, गरीब वाचवायला नाही, आणि पहिलं काम त्याने चोख केलं.

नियम मोडला तर?

दंड. आणि दंड वसूल करणाऱ्या गावच्या अधिकाऱ्याला त्यातली निम्मी रक्कम स्वतःला ठेवता येई. आजच्या डोळ्यांना हे भ्रष्टाचाराला आमंत्रण वाटेल. पण सगळे एकमेकांचे सोयरे असलेल्या गावात राखणदाराने डोळेझाक करण्याचा धोका जास्त होता, आणि त्यावर हा उतारा होता. गायी आल्पवर पोचल्या की लगेच त्यांची मोजणी होई, त्यामुळे लबाडीला मुदतही फार मिळत नसे.

म्हणजे गावात सगळी जमीन सामाईक होती?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. राईची (मोहरी नव्हे, ‘राय’ हे गव्हासारखं धान्य) शेतं, भाजीचे वाफे, खाली द्राक्षमळे, गवताची कुरणं हे सगळं खासगी. आल्प, जंगल, पडीक जमीन, पाण्याचे पाट आणि रस्ते-पायवाटा हे पाच प्रकार सामाईक.

विभागणीमागे साधा हिशेब दिसतो. जिथे घाम गाळला की उत्पन्न वाढतं, तिथे खासगी मालकी. आल्पवर काहीही केलं तरी एकरी गवत थोडंच येतं, एका वर्षी या उतारावर चांगलं तर दुसऱ्या वर्षी त्या. तिथे कुंपणं घालून तुकडे पाडले असते तर कुंपणाचाच खर्च गवतापेक्षा जास्त झाला असता. एकाच शेतकऱ्याच्या हातात दोन्ही प्रकार होते आणि त्याला त्यात काही विसंगती वाटत नव्हती. समाजवाद चांगला की भांडवलशाही, या वादात ट्योर्बेलला ओढणाऱ्या दोन्ही बाजूंची इथे पंचाईत होते.

जंगलातलं लाकूड कसं वाटत?

गावचे अधिकारी तोडायची झाडं आधी खुणा करून ठरवत. मग कुटुंबांचे गट मिळून ती तोडत, लाकडाच्या साधारण सारख्या राशी रचत, आणि कोणती रास कोणाची ते चिठ्ठ्या टाकून ठरे. चिठ्ठी असल्याने चांगली रास कोणाला मिळाली याचा राग काढायला समोर माणूस नसे.

आल्प्समध्ये बर्फच बर्फ, मग पाण्याचा प्रश्न कसला?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. वॅलेच्या दोन्ही बाजूंना उंच पर्वतरांगा आहेत आणि ढग बाहेरच्या बाहेर रिकामे होतात. ट्योर्बेलच्या खालीच, स्टाल्डनजवळच्या आकरझांड इथे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. स्वित्झर्लंडमधल्या सगळ्यात कोरड्या जागांत तिची गणना होते. आपल्या माणदेशातल्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल. ऊन भरपूर, उतार तीव्र, माती पातळ. पाणी दिलं नाही तर जुलैत कुरण पिवळं पडतं, आणि गवत नाही तर हिवाळ्यात गाय नाही.

म्हणून डोंगराच्या अंगावरून पाट काढले. त्यांना या भागात ‘सुओने’ म्हणतात. वरच्या ओढ्यातून, बर्फ वितळून येणारं पाणी धरायचं आणि अगदी हलक्या उताराने मैलोन्‌मैल वळवत आणायचं. वॅलेत काही ठिकाणी हे पाट उभ्या कड्याला लाकडी पन्हळी टांगून नेलेले आहेत, आणि ते दुरुस्त करताना माणसं दगावली आहेत.

पाणी तासांनी वाटलं जाई. कोणत्या दिवशी, किती वेळ, कोणत्या कुरणाला हे ठरलेलं. कागदाऐवजी लाकडी दांडके वापरत, ज्यांना ‘टेसल’ म्हणतात. प्रत्येक कुटुंबाची एक खूण असे, दोन रेघा, एक फुली, एक त्रिकोण असं काहीतरी, आणि तिच्याशेजारी किती वेळाचा हक्क ते कोरलेलं. गायींच्या चराईहक्कालाही अशाच दांडक्या. वाचता न येणाऱ्यालाही कळणारी नोंदवही, आणि तिच्यात मागाहून खाडाखोड करणं कठीण. नेटिंग यांना ट्योर्बेलच्या पाणीवाटपात एक गंमत आढळली: संपूर्ण व्यवस्था डोक्यात असलेला एकही माणूस गावात नव्हता. प्रत्येकाला आपली पाळी आणि आपल्या आधीचा-नंतरचा शेजारी एवढं पक्कं ठाऊक, आणि तेवढ्यावर सगळं चालत आलं होतं.

अशा पारंपरिक पाटपाण्याची युनेस्कोने २०२३ मध्ये अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. स्वित्झर्लंडसह सात युरोपीय देशांनी मिळून तो अर्ज केला होता.

उन्हाळ्यात गावात काय चाले?

गायी वर जात त्या मोजक्या गुराख्यांबरोबर. संघटना त्यांना पगारावर ठेवी. दूध काढणं, चीज करणं, शेण कुरणावर पसरवणं हे त्यांचं काम. बाकी गाव खालीच राहून गवत कापण्यात गुंतलेलं असे. आल्पवरच्या व्यवस्थेचा खरा फायदा हाच. प्रत्येक घराने आपापल्या दोन गायींमागे एक माणूस वर पाठवला असता तर गवत कापायला हातच उरले नसते.

शरद ऋतूत गायी उतरल्या की चीज वाटलं जाई, ज्याने जितक्या गायी पाठवल्या त्या प्रमाणात. संघटनेच्या वार्षिक सभेत पदाधिकारी निवडत. रस्ते दुरुस्त करणं, हिमलोटाने मोडलेले गोठे उभे करणं यासाठी श्रमदान ठरे, तेही गायींच्या प्रमाणात. ज्याच्या गायी जास्त त्याने कामाला जास्त यायचं.

आणि हिवाळ्यात?

निवांतपणा ही बाहेरच्यांची कल्पना. गवताची कोठारं कुरणाकुरणांशेजारी विखुरलेली असत. इतकं गवत पाठीवरून गावात आणण्यापेक्षा गायीलाच गवताकडे नेत. एका कोठारातलं संपलं की गाय पुढच्या गोठ्यात. रोज पहाटे आणि संध्याकाळी बर्फातून चालत जाऊन दूध काढायचं आणि परत यायचं. त्यात एक शहाणपण होतं. शेण आपोआप त्याच कुरणाजवळ साचे, आणि वसंतात खत वाहण्याचे कष्ट वाचत.

लोक खात काय होते?

राईची काळी भाकर... नाही, पावच, पण आपल्या पावाशी त्याचं नातं शोधू नका. गव्हाला ही उंची आणि कोरडेपणा मानवत नाही, राईला मानवतो. शेत एक वर्ष पिकवायचं, एक वर्ष पड ठेवायचं. नांगरताना माती उतारावरून खाली सरकते, म्हणून ती टोपल्यांत भरून पुन्हा वरच्या कडेला नेऊन टाकावी लागे, आणि हे काम बहुधा बायकांच्या पाठीवर.

सामाईक भट्टी वर्षातून दोन-तीनदाच पेटवत, कारण लाकूड महाग. आळीपाळीने प्रत्येक घर आपले पाव भाजून नेई आणि ते पुढे कित्येक महिने पुरत. ते दगडासारखे होत, आणि कापायला एका टोकाला फळीवर जोडलेला लांब सुरा लागे. वॅलेच्या या राईच्या पावाला २००४ पासून भौगोलिक मानांकनाचं संरक्षण आहे आणि त्यात निदान ९० टक्के पीठ राईचं असावं लागतं. आता तो ताजा आणि मऊ मिळतो, पर्यटक आवडीने घेतात.

बाकी चीज, वाळवलेलं मांस, खालच्या मळ्यातली द्राक्षं आणि वाइन. बटाटा आल्यावर मात्र गणित बदललं. तेवढ्याच जमिनीत जास्त पोटं भरू लागली, आणि एकोणिसाव्या शतकात गावची लोकसंख्या वाढली त्यामागे नेटिंग यांनी बटाट्याचा मोठा वाटा धरला आहे.

एका घराचे चार-चार मालक कसे?

लार्च या सूचिपर्णी झाडाच्या ओंडक्यांचं दोन-तीन मजली घर, खाली दगडी पाया. एक मजला एका भावाचा, दुसरा दुसऱ्याचा. धान्याच्या कोठारात एकाचा अर्धा वाटा, दुसऱ्याचा पाव, कधी अष्टमांश. वारसाहक्काने सगळ्या औरस मुलांना, मुलींनाही, समान वाटा मिळे, त्यामुळे लग्नानंतर नवरा-बायको दोघांचे तुकडे एकत्र करून संसार मांडत.

धान्याची ती कोठारं ओळखायला सोपी आहेत. लाकडी खांबांवर उभी आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या तळीसारखा सपाट गोल दगड. उंदीर खांबावर चढतो, पण दगडाच्या कडेवरून उलटं लटकून पुढे जाऊ शकत नाही.

समान वाटण्या होऊनही जमिनीच्या चिंधड्या होऊन गाव बुडालं कसं नाही?

गावाबद्दलच्या गोड लेखांत हे उत्तर सहसा नसतं. माणसांची संख्याच वाढू दिली जात नव्हती. लग्नं उशिरा होत. अनेक जण जन्मभर अविवाहित राहत, आणि भावाच्या घरात काका किंवा आत्या म्हणून राबत. दोन मुलांमधलं अंतर मोठं. आणि पुष्कळ जण गाव सोडून जात. १८५८ मध्ये अर्जेंटिनात सांता फे प्रांतात सान हेरोनिमो नोर्ते ही वसाहत उभी राहिली ती वरच्या वॅलेतून गेलेल्या कुटुंबांनी. आजही तिथे वॅलेची आठवण जपणारे लोक आहेत.

कुरणाच्या नियमांना जेवढं श्रेय दिलं जातं तेवढंच या न झालेल्या लग्नांनाही द्यायला हवं. दहा पिढ्या कुरण हिरवं राहिलं त्याची किंमत कोणीतरी मोजत होतं.

गावच्या कारभारात बायकांना स्थान होतं का?

शेतीत निम्म्याहून जास्त काम, वारशात समान वाटा, आणि सभेत शून्य. स्वित्झर्लंडमध्ये महिलांना देशपातळीवर मतदानाचा हक्क मिळाला तो १९७१ मध्ये. भारतीय स्त्री पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मत देत होती हे आठवलं की हा आकडा जास्तच बोचतो.

गंमत म्हणजे त्या लढ्यातली एक ठिणगी याच डोंगरात पडली. मोसआल्पच्या पलीकडे ब्युर्खेन, आणि त्याला लागून उंटरबेख. मार्च १९५७ मध्ये महिलांना नागरी संरक्षण सेवेत ओढायचं की नाही यावर देशभर मतदान होतं, आणि मत फक्त पुरुष देणार होते. उंटरबेखच्या ग्रामपरिषदेने बायकांनाही मतपेटी ठेवली. ३३ जणींनी मत टाकलं. सगळ्यात पहिल्या होत्या काथारिना झेनह्योझर्न, गावच्या प्रमुखाच्या पत्नी. ती मतं मोजणीत धरली गेली नाहीत.

‘बुर्गर’ म्हणजे कोण?

स्विस माणसाच्या पासपोर्टवर जन्मगाव नसतं, मूळ गाव असतं, जिथे त्याचं घराणं बुर्गर म्हणून नोंदलं आहे. तो स्वतः तिथे कधी गेलाही नसेल. वॅलेतल्या गावांत दोन संस्था शेजारी शेजारी चालतात: राहणाऱ्या सगळ्यांची नगरपालिका, आणि मूळ घराण्यांची बुर्गरसभा, जिच्याकडे बहुतेकदा जंगल आणि आल्प असतात. १४८३ चं परक्यांबद्दलचं कलम या रूपात अजून श्वास घेतंय असं म्हणता येईल. कुरण टिकवायला दार बंद ठेवावं लागतं हे ऑस्ट्रॉम यांनीही मान्य केलं आहे. दाराबाहेर उभं राहणाऱ्याला ते कसं वाटत असेल, तो वेगळा विषय.

आज गावकरी शेतीवर जगतात का?

फारच थोडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोंझा कंपनीचा रसायनांचा कारखाना फिस्पला आला, आणि डोंगरातल्या गावांत एक नवा माणूस तयार झाला: दिवसा पाळीत कामगार, संध्याकाळी आणि सुट्टीत शेतकरी. पगार बाहेरून येऊ लागल्यावर राई पिकवायची गरज संपली, शेतं कुरणं झाली, मग काही कुरणं झुडपांत गेली. २००७ मध्ये लोचबर्गचा ३४.६ किलोमीटरचा पायथ्याचा बोगदा सुरू झाला आणि फिस्पहून बर्न तासाभरावर आलं. डोंगरात राहून राजधानीत नोकरी करता येते आता.

जी शेती उरली आहे ती सरकारी अनुदानावर उभी आहे. आल्पवर गुरं चारण्यासाठी वेगळे पैसे मिळतात. त्याचं माप ठरलेलं आहे: एका गायीची शंभर दिवसांची चराई म्हणजे एक एकक. पूर्वी जे गणित गाव दांडक्यांवर कोरत असे ते आता बर्नच्या फॉर्मवर भरतात. करदात्याने हे पैसे का द्यावेत? कारण गुरं चरली नाहीत तर उतार झाडीने भरतो आणि पर्यटकाला हवं असलेलं हिरवं चित्र नाहीसं होतं.

मेंढ्या आणि लांडग्यांचा वाद काय आहे?

गायी कमी झाल्यावर मेंढ्या वाढल्या, कारण नोकरी सांभाळून त्या पाळता येतात. वरच्या वॅलेची काळ्या नाकाची, शिंगाळी, लोकरीने झाकलेली मेंढी आता जगभर खेळण्यांतही दिसते. पण इटलीतून लांडगे परत आले आहेत आणि राखणीशिवाय सोडलेला कळप त्यांना आयता सापडतो. २०२३ च्या अखेरीपासून सरकारने नुकसान होण्याआधीच लांडगे मारायची परवानगी द्यायला सुरुवात केली. शहरातले मतदार एका बाजूला, डोंगर दुसऱ्या बाजूला. हा वाद लवकर मिटेल असं दिसत नाही.

स्विस गावात राहायला गेलं तर लाखो रुपये देतात, हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज खरा का?

अर्धवट. ते ट्योर्बेल नव्हे, वॅलेतलंच आल्बिनेन. रोडावत चाललेल्या त्या गावाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ठराव केला: प्रत्येक मोठ्या माणसामागे २५,००० फ्रँक, मुलामागे १०,०००. मेसेजमध्ये गाळलेल्या अटी अशा: वय ४५ च्या आत, स्विस नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना, गावात किमान २ लाख फ्रँकचं घर, आणि दहा वर्षं तिथे राहणं. त्याआधी सोडलं तर पैसे परत. पुण्यातून अर्ज करून उपयोग नाही.

आपल्याकडे असं काही होतं का?

होतं, आणि काही ठिकाणी अजून आहे. धुळे-नाशिक भागात पांझरा आणि मोसम नद्यांवरची फड पद्धत. बंधाऱ्यावरून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक, आणि पाणी द्यायला शेतकऱ्यांनीच नेमलेला पाटकरी. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे ते आधी ठरतं. साधनाच्या मर्यादेत माणसांनी बसायचं, हे तत्त्व १५१७ च्या नियमाचंच. वरच्या बाजूला मोठी धरणं आणि पाणी उपसणारे पंप आल्यावर फडाचं काय झालं, हे त्या भागातल्या वाचकांना सांगायला नको.

बघायला जायचं तर कसं, आणि काय पाळायचं?

फिस्पहून झरमॅटच्या गाडीने स्टाल्डन, तिथून पिवळी पोस्ट-बस वर जाते. वेळापत्रक आधी बघा, संध्याकाळी बसेस विरळ असतात. जूनअखेर ते सप्टेंबर हा काळ बरा. गवत कापणी बघायची असेल तर जुलै. मोसआल्पपर्यंत चालत जाता येतं, चढ मात्र दमवणारा आहे.

कुरणात गवत उंच असताना फोटोसाठी आत शिरू नका. तुडवलेलं गवत कापता येत नाही. वाटेतलं फाटक उघडलं तर लावून घ्या, आणि मेंढ्यांबरोबर पांढरा मोठा कुत्रा दिसला तर लांबून वळसा घाला. तो तुमच्याशी खेळायला आलेला नसतो.